मधल्या खदानीचे यल्लप्पाअण्णा

मी शाळेत रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी यल्लप्पाअण्णा माझ्यावर ओरडले.

शाळा म्हणजे पत्र्याची एक खोली. एका छोट्या संस्थेनं चालवलेली. मी फळ्यावर तारीख लिहीत होते, तेवढ्यात डोंगराच्या अंगाकडून एक मोठा, घुमणारा आवाज आला.

"दुर्गव्वा!"

लांबून कुठल्याशा झोपडीतून उत्तर आलं, "हाय!"

"हनमंता!"

"हाय!"

"सायव्वा!"

असं एकेक नाव आणि एकेक 'हाय' चाललं होतं. कुणाचं भांडण असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग आवाज आला, "शाळा!" मुलांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"शाळा!"

पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "बाई, तुमी बोला ना. तुमी बोलल्याबिगर अण्णा बत्ती लावत न्हाईत."

मी दारात गेले. समोर कातळाच्या टप्प्यावर एक उंच माणूस उभा होता. अंगात पांढराशुभ्र सदरा आणि हातात लाल फडकं. चारी बाजूंना सगळं धुळीनं राखाडी झालेलं असताना तो सदरा डोळ्यांत भरत होता.

"शाळा हाय!" मी ओरडले.

"नुसतं हाय न्हाई! किती हाय?"

मी आत येऊन मुलं मोजली, परत दारात गेले. "सतरा!"

"तुमी धरून?"

"अठरा!"

"मग अठरा म्हना की! आता दार लावून घ्या, बाई."

शिट्टी वाजली. मिनिटभरानं पायाखालची जमीन हलली आणि पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा आवाज झाला. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. मुलांनी पाटीवरून डोकंसुद्धा वर उचललं नव्हतं.

पनवेलहून उलव्याकडे जाताना तेव्हा डोंगरांची एक रांग होती. तिच्यात वरची, मधली आणि खालची अशा तीन दगडखाणी होत्या. सगळे त्यांना खदानीच म्हणत. मधल्या खदानीच्या पायथ्याशी अडतीस झोपड्या होत्या. माणसं वडार समाजाची, बहुतेक सोलापूर-विजापूरकडची. आजोबा-पणजोबा पाथरवट, जातं-पाटा छिन्नी-टाकीनं टाकवून देणारे. पुढं नवी मुंबई बांधायला निघाली, तिला खडी लागली, आणि ही माणसं डोंगराला येऊन चिकटली. त्या वस्तीला गाव म्हणून कुठंही नाव नव्हतं. रेशन कार्डावर कुणाचा पत्ता पलीकडच्या गावाचा, कुणाचा सोलापूरचा, तर कुणाकडे कार्डच नाही. कुणी विचारलं की लोक म्हणत, 'मधली खदान'.

अण्णा तिथले सुरुंगवाले. ड्रिल मशिनवाले कातळात भोकं पाडत, मग अण्णा त्यात दारू भरत, वाती जोडत आणि सगळ्यांना बाजूला काढून उडवत. इतर खदानींवर नुसती शिट्टी वाजे. मधल्या खदानीवर अण्णा घराघराला नावानं विचारत, एकेकाचं उत्तर येईपर्यंत थांबत. ही पद्धत त्यांना कुणी शिकवली नव्हती, त्यांची त्यांनीच काढली होती.

ती का काढली, हे मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "शिट्टी काय, बहिऱ्याला ऐकू येत न्हाई, झोपलेल्याला ऐकू येत न्हाई. आन् वाजवनाऱ्याला वाटतं, आपलं काम झालं."

सुरुंग उडवायच्या आधी ते खिशातून लहानसा कंगवा काढून भांग पाडत. एकदा मला हसू आलं. तर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "वरून धोंडा आला आन् मेलो, तर फोटो काढनाऱ्यापुढं केस तरी नीट पायजेत का नको?"

त्यांचा तो सदरा दुर्गव्वा, म्हणजे त्यांची बायको, रोज धुवायची. खदानीवर पाणी टँकरचं. वस्तीतल्या बायका तिला चिडवायच्या, की नवरा दगड फोडायला जातो का लग्नाला. अण्णांचं म्हणणं असं, की धुरातनं, धुळीतनं आपण कुठं उभे आहोत हे माणसांना लांबून दिसलं पाहिजे.

मुकादमाला त्यांची ही हाक पसंत नव्हती. वेळ जातो, खाली डंपर उभे राहतात, वगैरे. एकदा सायव्वाचं उत्तर आलं नाही. सायव्वा म्हातारी, कमी ऐकणारी, पण अण्णांच्या आवाजाला हमखास ओ द्यायची. अण्णांनी तीन वेळा नाव घेतलं. मुकादम म्हणाला, "ए अण्णा, झोपली असेल ती बुढी. चल उडव, टाइम खोटी करू नको."

"झोपली आसंल तर उठवून आनतो."

"मी सांगतोय ना!"

अण्णांनी लाल फडकं मुकादमाच्या हातात दिलं. "मग तूच उडव," म्हणाले आणि खाली उतरले. सायव्वा झोपडीत नव्हती. ती सापडली डोंगराच्या मागच्या बाजूला, नेमक्या भरलेल्या भोकांच्या वरच्या अंगाला, काटक्या गोळा करताना. अण्णांनी तिला हाताला धरून खाली आणलं. त्या दिवशी डंपर तासभर थांबले आणि अण्णांना कामावरून काढलं.

दुसरा सुरुंगवाला आला. शिट्टी वाजवायचा आणि उडवायचा. पण वस्तीला सवयच नव्हती. शिट्टी वाजली की बायका पोरांना घेऊन थेट रस्त्यापर्यंत पळत आणि दुपारपर्यंत परत कामावर येत नसत. मुलं शाळेत यायची बंद झाली. पंधरवड्यात मुकादम स्वतः अण्णांना परत बोलवायला त्यांच्या झोपडीशी आला. अण्णा दाढी करत होते. त्यांनी त्याला दाढी होईस्तोवर उभा ठेवला.

मी तिथं अकरा वर्षं शिकवलं. या अकरा वर्षांत अण्णांच्या हाकेत मी 'शाळा' होते. आमचा फारसा घरोबा नव्हता. दुपारी कधी काम नसलं तर ते शाळेच्या पायरीवर येऊन बसत आणि वस्तीची हकिकत सांगत. पहिल्या झोपड्या कुणाच्या, कोण कुठल्या गावाहून कुणाच्या ओळखीनं आलं, कुणाचं लग्न खडीच्या ढिगावर मांडव घालून झालं. सांगताना झोपड्यांचा क्रम कधी चुकत नसे, कारण तोच त्यांच्या हाकेचा क्रम होता. आणि दगड कुठं गेला, हेही त्यांना पाठ. एकदा आम्ही बसनं पनवेलला निघालो होतो. रस्त्यात एक पूल लागला तसे ते कंडक्टरला म्हणाले, "ह्यो आमचा."

कंडक्टर म्हणाला, "तुमचा असला तरी तिकीट लागतंच, बाबा."

अख्खी बस हसली. अण्णाही हसले. पण पूल मागं पडेपर्यंत ते खिडकीतून वळून बघत होते.

त्यांचा मुलगा मारुती. मी गेले तेव्हा वीस-एकवीसचा, बापासारखाच उंच. मुलाला सुरुंगाच्या कामात घालायचं नाही, हे अण्णांनी ठरवलं होतं. "एका घरात एक पुरे. माझा एक हात चुकला तर दोघं जातील." म्हणून त्यांनी त्याला ड्रिलवर लावलं. ड्रिलवाल्याला मान होता आणि स्फोटाच्या वेळी तो लांब असायचा. त्याच्या तोंडाला रुमाल बांधलेला असे. संध्याकाळी ड्रिलवरची माणसं खाली उतरत तेव्हा त्यांच्या पापण्यासुद्धा पिठासारख्या पांढऱ्या असत. मुलं त्यांना 'भुतं आली' म्हणून चिडवायची. मीही हसायचे.

आधी हनमंता खोकायला लागला. मग त्याचा भाऊ. मग मारुती. सरकारी दवाखान्यात सांगितलं, टीबी आहे. सहा महिने गोळ्या घेतल्या, पुन्हा सहा महिने घेतल्या. हनमंता पस्तिशीत गेला. त्याचा भाऊ पुढच्या वर्षी. वस्तीत लोक म्हणू लागले, दारू पितात, गोळ्या नीट घेत नाहीत, म्हणून मरतात. मारुती दारूच्या थेंबाला शिवत नव्हता. रेणुका, त्याची बायको, गोळीचं रिकामं पाकीटसुद्धा जपून ठेवायची. तरी त्याचं वजन उतरत गेलं. शाळेपासून घरापर्यंतच्या चढाला तो दोनदा बसायला लागला.

अण्णांनी एक दिवस विचारलं, "बाई, तुमच्या कामोठ्याकडं कुनी चांगला डॉक्टर हाय का?"

मी त्या दोघा बापलेकांना तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेले. तिथं एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं एक्स-रे उजेडावर लावला, बराच वेळ बघितला आणि मारुतीला विचारलं, "काम काय करता?" आधीच्या दवाखान्यात त्याला हे कुणी विचारलं नव्हतं.

"ड्रिल. खदानीवर."

"किती वर्षं?"

"नऊ."

तिनं मारुतीला वजन करायला पाठवलं आणि आम्हाला सांगितलं, की टीबी नाही. दगडाची बारीक धूळ फुप्फुसात बसून राहिली आहे. तिच्याभोवती फुप्फुस आवळत, कडक होत चाललं आहे.

"म्हंजे आत दगड झाला," अण्णा म्हणाले.

"तसंच समजा, बाबा."

"मग फोडता येत न्हाई का?"

तिनं एक्स-रे काढून पाकिटात घातला. अण्णांना वाटलं, तिला प्रश्न कळला नाही. ते पुढं वाकून समजावून सांगू लागले, "बारीक बारीक काडायचा. घाई न्हाई आमाला. कितीबी दिवस लागू द्या."

डॉक्टरीण म्हणाली, "याला औषध नाहीये, बाबा. दम लागेल तेव्हा ऑक्सिजन द्यायचा. धुळीपासून लांब ठेवायचं. एवढंच आपल्या हातात आहे."

आम्ही रिक्षानं परत निघालो. खांदेश्वर स्टेशनाजवळ रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा अण्णा म्हणाले, "मी त्याला लांब ठेवला हुता, बाई."

मारुती शेजारीच होता. त्यानं बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "अण्णा, रिक्षावाल्याला सांगा, डावीकडं घे."

डॉक्टरणीनंच सांगितलं होतं, की हा कामामुळं झालेला आजार आहे, तसं सरकारदरबारी नोंदवा. नोंद झाली तर मारुतीला घरी ऑक्सिजनचं मशिन मिळेल आणि वस्तीतल्या बाकीच्या ड्रिलवाल्यांची तपासणी होईल. तेव्हा आणखी सहा जण खोकत होते. आम्ही अर्ज केला. अर्ज मी लिहिला, अक्षर चांगलं म्हणून.

दोन महिन्यांनी सरकारी कचेरीतून बोलावणं आलं. साहेब वयानं माझ्याएवढेच, सभ्य होते. त्यांनी अण्णांना खुर्ची दिली. म्हणाले, "आजाराचा कागद आहे. पण हे खदानीवर कामाला होते याचा कागद लागेल. पगारपत्रक, हजेरी, ओळखपत्र, काहीही."

खदानीच्या मालकाकडून त्यांनी हजेरीवही मागवून घेतली होती. ती टेबलावरच होती. त्यांनी ती उघडून आमच्याकडे फिरवली. रोजच्या तारखेपुढं लिहिलेलं होतं: पुरुष बावीस, स्त्रिया सोळा. पानामागून पानं तशीच. त्यात एकाही माणसाचं नाव नव्हतं.

अण्णांना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "ह्यात नावं न्हाईत व्हय? मग मी सांगतो. लिवून घ्या." आणि खुर्चीत ताठ बसून त्यांनी सुरुवात केली. पहिल्या झोपडीपासून. कोण, कुठला, कुठल्या कामावर, कधीपासून. आवाज त्यांना लहान करता येत नव्हता. बाजूच्या टेबलांवरची माणसं उठून बघू लागली. साहेबांनी सुरुवातीला लिहून घेतलं. सातव्या-आठव्या घराला पेन खाली ठेवलं, पण अण्णांना थांबवलं नाही. अण्णा मारुतीपाशी आले, "मारुती यल्लप्पा, ड्रिल, नऊ वर्सं," म्हणाले आणि पुढच्या घराकडे वळले. अडतिसाव्या घरापर्यंत गेले.

साहेब म्हणाले, "बाबा, तुम्ही खोटं बोलत नाही, हे मला दिसतंय. पण माझ्या वरचा माणूस कागद मागणार. बोललेलं मी पाठवू शकत नाही." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमची शाळा आहे ना तिथं? प्रवेशाच्या रजिस्टरमध्ये पालकाचा व्यवसाय लिहिलेला असतो. तिथं 'खदान कामगार, ड्रिल' असं असेल तर मी निदान प्रयत्न करीन."

मला आठवत होतं, तरी मी घरी येऊन रजिस्टरं काढली. अकरा वर्षांची. मारुतीची मुलगी माझ्याच शाळेत होती. तिच्या नावापुढं, माझ्या त्या चांगल्या अक्षरात लिहिलं होतं: मजुरी. हनमंताच्या मुलांपुढं मजुरी. सगळ्यांपुढं मजुरी. रकाना लहान होता, मला घाई असायची, आणि तो शब्द सोपा होता. दर पानावर पहिल्या नावापुढं नीट लिहून खाली मी नुसत्या दोन-दोन रेघा ओढल्या होत्या.

हे अण्णांना सांगायला मला चार दिवस लागले. शाळेच्या पायरीवर मी रजिस्टर उघडून त्यांच्यापुढं ठेवलं आणि बोट ठेवून वाचून दाखवलं. त्यांनी त्या रेघांवरून हात फिरवला.

"मजुरीच तर करत हुता," ते म्हणाले. "तुमी काय खोटं लिवलं न्हाई, बाई."

मी रडायला लागले. तेच मला धीर देत बसले. ते एक शब्द कडवट बोलले असते तर मला जरा बरं वाटलं असतं.

अर्ज 'पुराव्याअभावी' परत आला. त्याच सुमारास खदानी बंद झाल्या. विमानतळासाठी सगळी डोंगररांगच सपाट करायची ठरली होती. मोजणीवाले आले, त्यांनी ज्यांच्याकडे कागद होते त्यांची नावं पुनर्वसनासाठी लिहून नेली. अडतिसांपैकी नऊ घरांकडे कागद निघाले. बाकीची पांगली. कुणी कळंबोलीच्या बाजूला, कुणी गावी, कुणी दुसऱ्या खाणीवर. जाताना प्रत्येक जण अण्णांना सांगून जात होता. दुर्गव्वा त्याच दिवसांत तापानं गेली. अण्णांनी मारुतीला, रेणुकाला आणि नातीला घेऊन कामोठ्यात, माझ्या घरापासून जवळच, तळमजल्यावरची एक खोली भाड्यानं घेतली. शाळाही मोडली. मला संस्थेनं दुसरीकडं घेतलं.

त्या खोलीत मारुती दीड वर्ष होता. त्याला आडवं होता येत नव्हतं. पुढं स्टूल, त्यावर उशी आणि उशीवर कपाळ टेकून बसायचा. रेणुका चार घरची धुणीभांडी करायची. संस्थेतल्या लोकांनी मिळून एक जुनं ऑक्सिजन मशिन आणून दिलं. ते चालू असलं की अण्णा त्याच्या शेजारी बसून राहत, वीज गेली की रस्त्यापर्यंत जाऊन बघून येत. मी शाळा सुटली की जाऊन बसायचे. करण्यासारखं काही नसायचं. कधी पेपर वाचून दाखवायचे, कधी नातीचा अभ्यास घ्यायचे.

एका दुपारी मारुती मला म्हणाला, "बाई, अण्णांना सांगा, मला आवडत हुतं ते काम." दर दोन शब्दांनी तो थांबत होता. "त्यांना वाटतं, त्यांनी घातलं म्हनून. ड्रिल कातळात बसलं ना, की हातात समजायचं, आता आत गेलं. लई भारी वाटायचं. सांगा त्यांना."

अण्णा तिथंच, चार हातांवर, दाराशी बसले होते. त्यांनी ऐकलं होतं. तरी मी उठून त्यांच्याजवळ गेले आणि सगळं पुन्हा सांगितलं, कारण मारुतीनं मला सांगायला सांगितलं होतं. अण्णांनी मान हलवली.

मारुती सकाळी गेला. दहा-साडेदहाला. रेणुका कामावर होती. मी पोचले तेव्हा मशिन चालूच होतं आणि अण्णा त्याला पाठीमागून दोन्ही हातांनी सरळ बसता धरून होते. म्हणाले, "वाकला की दम लागतो त्याला."

मी मशिन बंद केलं. तरी त्यांनी हात काढले नाहीत.

पुढं वर्षभर ते कामोठ्यात होते. मग रेणुकाला भावानं अक्कलकोटकडे नेलं आणि ते नातीपायी तिच्याबरोबर गेले. ते गावाकडं निघून गेल्याचं मला शेजारणीकडून कळलं. त्याच्या आदल्या आठवड्यात मी त्यांना शेवटचं पाहिलं होतं.

मी भाजी घेऊन येत होते. आमच्या मागच्या सेक्टरमध्ये एका जुन्या बिल्डिंगचं काम निघालं होतं. फाटकाच्या आत आवारात दोन तरुण लाद्या कापत बसले होते. कटरच्या आवाजाबरोबर पांढरा लोट उठत होता. त्यांचे केस, भुवया, सगळं पांढरं. आणि त्यांच्या शेजारी अण्णा उभे होते. अंगावरचा सदरा मळका. बागेच्या नळाची हिरवी पाइप दोन्ही हातांत धरून ते त्या लोटावर पाणी मारत होते.

"ओ बाबा! पानी बंद करो!" एक जण ओरडला. "करंट लगेगा!"

अण्णा बाजूला सरकले आणि दुसऱ्या अंगानं मारू लागले. धूळ खाली बसायची, कटर फिरला की पुन्हा उठायची. ते तरुण कटर उचलून मागं झाले, हसत होते, चिडतही होते. वॉचमन धावत आला आणि त्यानं नळ बंद केला. पाइपमधून थोडं पाणी आलं आणि थांबलं. अण्णांनी पाइप उलटी करून बघितली. मग ते कोपऱ्यातल्या ड्रमकडे गेले आणि तिथला डबा बुडवून घेऊन आले.

मी रस्ता ओलांडायला निघाले. मध्ये खडीचा डंपर आला, तो वळेपर्यंत मला थांबावं लागलं. तो गेला तेव्हा वॉचमननं त्यांच्या हातातला डबा काढून घेतला होता आणि तो त्यांना दंडाला धरून, वाईट रीतीनं नव्हे, फाटकाबाहेर आणत होता. "जाव बाबा, घर जाव. यहाँ काम चालू है."

अण्णा फाटकाबाहेर उभे राहिले. त्यांच्या सदऱ्यातून पाणी गळत होतं. त्यांनी मला पाहिलं की नाही, कोण जाणे. आत त्या तरुणांनी ओली लादी फडक्यानं पुसली, कटर पुन्हा चालू केला, आणि धुळीचा लोट फाटकाच्या सळ्यांमधून बाहेर आला.